आपला फार वेळ घेत नाही

दिल्लीत रोज हजारो लोक एका मराठी सरदाराचं नाव घेतात आणि त्यातल्या बहुतेकांना तो सरदार होता हेच ठाऊक नसतं. 'हिंदूराव चलोगे?' असं रिक्षावाल्याला विचारलं की तो भाडं सांगतो; घाटगे म्हणजे कागलचे का, असं उलट विचारत नाही. दिल्लीकरांच्या लेखी हिंदूराव म्हणजे उत्तर दिल्लीतल्या टेकडीवरचं महापालिकेचं मोठं इस्पितळ. शिवाय सदर बाजाराच्या बाजूला 'बाडा हिंदूराव' नावाची गजबजलेली वस्ती आहे आणि त्या नावाचं पोलीस ठाणंही आहे. इस्पितळ आणि पोलीस ठाणं या दोन्ही ठिकाणी नाव लागलेला दुसरा मराठी माणूस राजधानीत चटकन सापडायचा नाही.

हिंदूराव घाटगे हे ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या राणी बायजाबाई यांचे बंधू. दौलतरावांच्या मागं बायजाबाईंनी राज्याचा कारभार पाहिला. १८३३ मध्ये तो हातातून गेला. पुढं हिंदूराव दिल्लीत राहिले. इस्पितळाच्या टेकडीवर, म्हणजे रिजवर, विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा प्रशस्त बंगला होता. १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाला आणि तो बंगला हिंदूरावांनी घेतला. १८५७ च्या उन्हाळ्यात दिल्लीला वेढा घालायला आलेल्या इंग्रजांनी याच घराला आघाडीचं ठाणं केलं. सिरमूर पलटणीचे गुरखे तिथं ठिय्या देऊन बसले आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या पत्रांतून, अहवालांतून 'हिंदूरावाचं घर' लंडनपर्यंत पोचलं. या गृहस्थांच्या नावावर ना गाजलेलं भाषण, ना ग्रंथ, ना आत्मचरित्र. नुसत्या पत्त्यावर माणूस इतिहासात गेला. वक्तृत्वाच्या शिकवणीत हे उदाहरण देत नाहीत. दिलं तर फी कशाची घ्यायची?

दिल्लीतल्या मराठी माणसाला हा मूक मार्ग पसंत नाही. त्याला बोलायचं असतं. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनापासून नोएडातल्या सोसायटीच्या गणपतीपर्यंत, जिथं म्हणून सतरंजी, समई आणि ध्वनिक्षेपक एकत्र येतात तिथं कुणीतरी 'दोन शब्द' बोलायला उभं राहतं. विषय सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा असला तरी सुरुवात १७३७ पासून होते, कारण त्या साली पहिला बाजीराव दिल्लीवर चालून आला होता. तिथून महादजी शिंदे, मग पानिपत (कालक्रम चुकला तरी पानिपत येतंच), मग हिंदूराव. टाकीपाशी पोचेपर्यंत घड्याळात नऊ वाजलेले असतात आणि वक्ता म्हणतो, 'वेळेअभावी मी हा विषय इथंच थांबवतो.' त्या टाकीला गळती का लागली हे अनेक सोसायट्यांना अजून कळलेलं नाही.

मराठी सभेत भाषण सुरू होण्याआधीच निम्मं संपलेलं असतं. दीपप्रज्वलन होतं, एका काडीत होत नाही. मग ईशस्तवन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. परिचय करून देणारा पाहुण्यांबद्दल जे काही सांगण्यासारखं असतं ते सगळं सांगून टाकतो, आणि वर 'त्यांना परिचयाची गरज नाही' असंही म्हणतो. पाहुणे उठतात तेव्हा व्यासपीठावरच्या अकरा मान्यवरांची नावं हुद्द्यांसह घेतात. एक नाव राहतं. ज्याचं राहतं त्याचाच हॉल असतो. मग ती दुरुस्ती. त्यानंतर 'मी काही वक्ता नाही' हे वाक्य येतं. पुढच्या पाऊण तासात वक्ता ते पुराव्यानिशी सिद्ध करतो. 'माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे' असं म्हणून तो तेच सगळं पुन्हा सांगतो. 'जाता जाता एवढंच सांगेन' हे ऐकून मागच्या रांगेतली मंडळी चपला शोधू लागतात, पण अनुभवी श्रोता हलत नाही. जाता जाता सांगणारा माणूस मराठीत कधी जात नाही.

याचं मूळ शाळेत आहे. एक ऑगस्टला, लोकमान्यांच्या पुण्यतिथीला, मावशीनं किंवा वर्गशिक्षिकेनं लिहून दिलेलं भाषण घेऊन आपण पहिल्यांदा उभे राहतो. पूज्य गुरुजनवर्ग आणि इथं जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, इथपर्यंत सगळं सुरळीत असतं. उजवा हात वर न्यायचा तो 'सिंह' शब्दावर आणि मूठ आवळायची ती 'स्वराज्य' शब्दावर, असं ठरलेलं असतं. मधलं एक वाक्य विसरलं की हात आणि शब्द यांची चुकामूक होते आणि मूठ शेंगदाण्यांच्या टरफलांवर आवळली जाते. टाळ्या मिळतात, पेन्सिलींचं पाकीट मिळतं, आणि मुलाच्या मनात तीन गोष्टी कायमच्या ठसतात: भाषण दुसऱ्यानं लिहायचं असतं, ते पाठ म्हणायचं असतं, आणि समोर बसलेल्यांचा त्याच्याशी काही संबंध नसतो. हाच मुलगा पुढं मोठा होऊन दिल्लीला मंत्रालयात सहसचिव होतो.

खरं तर बोलायला शिकायची सोय आपण वेळेवर केली होती. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकारानं १८७५ मध्ये पुण्यात वक्तृत्वोत्तेजक सभेचं काम सुरू झालं आणि वसंत व्याख्यानमाला उभी राहिली. मे महिन्याच्या उकाड्यात लोकांनी दुसऱ्याचं म्हणणं शांतपणे ऐकावं ही कल्पनाच मुळात धाडसी होती. उत्तेजन एवढं जबर होतं की दीडशे वर्षांनीही त्याचा जोर ओसरलेला नाही. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये टोस्टमास्टर्स क्लब सुरू केला आणि उलट बाजूनं विचार केला. त्यांच्या पद्धतीत बोलणाऱ्यासमोर हिरवा, पिवळा आणि लाल दिवा लागतो. साधारण भाषण पाच ते सात मिनिटांचं. एक सभासद केवळ वक्त्यानं 'अं', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' किती वेळा म्हटलं ते मोजायला बसलेला असतो. गुडगाव-नोएडातल्या कंपन्यांत असे क्लब चालतात आणि मराठी मुलं-मुली तिथं सहा मिनिटांत चोख बोलून येतात. तीच मुलं शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमात आली की पंचेचाळीस मिनिटं घेतात. मंडळानं दिवे बसवले तरी उपयोग नाही. लाल दिवा लागला की लोक रोषणाईचं कौतुक करतील.

नेमकं, पोचेल असं, आणि ऐकणाऱ्याचा विचार करून कसं मांडावं याचा दिल्लीतला सर्वांत जुना नमुना हिंदूराव इस्पितळाच्या जवळच उभा आहे. बाह्यरुग्ण विभागाची चिठ्ठी हातात घेऊन धावणाऱ्या माणसाला तो दिसत नाही हे समजण्यासारखं आहे. रस्त्याच्या कडेला, कठड्याच्या आत, तुटून जोडलेला एक दगडी खांब आहे. तो सम्राट अशोकाचा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तो मेरठला उभा होता. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकानं तो तिथून उचलून आणला आणि रिजवरच्या आपल्या शिकारमहालापाशी लावला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, फर्रुखसियरच्या काळात, दारूच्या कोठाराचा स्फोट झाला आणि खांबाचे पाच तुकडे झाले. ते तुकडे कोलकात्याला एशियाटिक सोसायटीकडे जाऊन परत आले. खांब पुन्हा उभा केल्याचं साल तिथल्या दगडावर १८६७ असं कोरलेलं आहे. एवढी फरफट होऊनही मजकूर पूर्ण पुसला गेला नाही, हे पीपीटी करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

अशोकाकडे ध्वनिक्षेपक नव्हता आणि वर्तमानपत्रही नव्हतं. राज्य मात्र अफगाणिस्तानापासून कर्नाटकापर्यंत पसरलेलं. त्यानं काय केलं, तर लोक बोलत होते त्या प्राकृतात लिहिलं. वायव्येकडे कंदाहारला ग्रीक आणि अरमाइक बोलणारे होते, तर तिथला लेख ग्रीक आणि अरमाइकमध्ये. आपल्या नालासोपाऱ्याला बंदर होतं, व्यापाऱ्यांची वर्दळ होती, तर तिथंही शिलालेख. त्याचा तुकडा भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये सापडला. दिल्लीतच आज त्याचे लेख तीन ठिकाणी आहेत: रिजवर, फिरोजशाह कोटल्यात आणि कालकाजीजवळच्या बहापूरच्या खडकावर, जो १९६६ पर्यंत कुणाच्या लक्षातच आला नव्हता. म्हणजे आधी गर्दी कुठं असते ते बघायचं, मग मजकूर तिथं न्यायचा. आपल्याकडे उलट चालतं. आधी हॉल घ्यायचा आणि मग गर्दी कुठून आणायची याची बैठक बोलवायची.

त्याच्या चौदाव्या शिलालेखात तर संपादकीय धोरणच सांगितलं आहे. काही ठिकाणी मजकूर थोडक्यात दिला आहे, काही ठिकाणी मध्यम, काही ठिकाणी सविस्तर, कारण सगळीकडे सगळं लागत नाही. काही गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या आहेत, कारण विषय गोड आहे आणि लोकांनी तसं वागावं अशी इच्छा आहे. आणि कुठं काही अपुरं राहिलं असेल तर त्याला लिहिणाऱ्याची चूक हेही एक कारण असू शकतं. मराठी लेखक पुस्तकातल्या चुका मुद्राराक्षसाच्या माथी मारतात, ती परंपरा किती जुनी आहे ते यावरून कळावं. फरक एवढाच की सम्राटानं चूक दगडावर कबूल केली. आपल्याकडे शुद्धिपत्र शेवटच्या पानावर चिकटवतात आणि त्यातही दोन चुका असतात.

ओडिशातल्या धौलीच्या लेखात आणखी एक सूचना आहे. हा मजकूर ठरावीक दिवशी लोकांना मोठ्यानं वाचून दाखवावा, आणि एकच माणूस असला तरी त्याला ऐकवावा. जगज्जेत्या राजानं एका श्रोत्याची दखल घेतली. मराठी व्याख्यानांना हे वाक्य दिलासा देणारं आहे. मात्र अशोकाचा तो एक श्रोता संयोजकांचा मेहुणा असावा असं लेखात कुठं म्हटलेलं नाही.

पुढं मात्र गंमत झाली. फिरोजशाहनं मेरठबरोबरच टोपऱ्याचाही खांब दिल्लीला आणला. शम्स सिराज अफीफ या इतिहासकारानं त्या वाहतुकीचं वर्णन करताना बेचाळीस चाकांच्या गाड्याचा उल्लेख केला आहे. सुलतानानं विद्वानांना बोलावून विचारलं, यावर लिहिलंय काय? ब्राह्मी लिपी तोवर सगळे विसरले होते. कुणालाही एक अक्षर लागलं नाही. पण 'माहीत नाही' म्हणायची पद्धत दिल्लीत तेव्हाही नसावी. काहींनी सांगितलं की, फिरोज नावाचा सुलतान येईपर्यंत हा खांब जागचा कुणी हलवू शकणार नाही, असं यावर लिहिलंय. अध्यक्षीय भाषणातलं 'आपण आलात म्हणून हे कार्य तडीस गेलं' हे वाक्य त्या दिवशी जन्माला आलं असावं. खांबावर खरं काय आहे ते कळायला जेम्स प्रिन्सेपला १८३७ मध्ये लिपी उलगडावी लागली. मधली कित्येक शतकं मजकूर एक आणि भाषांतर दुसरंच, अशी चालली.

रिजवरून खाली उतरलं की सिव्हिल लाइन्समध्ये २६, अलीपूर रोड हा पत्ता आहे. इथं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अखेरची वर्षं काढली. आज तिथं उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराचं राष्ट्रीय स्मारक आहे. बोलणं आणि लिहिणं या दोन्हींत राजधानी गाजवणाऱ्या मराठी माणसाकडून काही शिकायचं तर इथूनच. १७ डिसेंबर १९४६ ला संविधान सभेत नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. मुस्लिम लीगची वाट पाहून ठराव पुढं ढकलावा अशी दुरुस्ती मुकुंदराव जयकरांनी सुचवली होती आणि सभागृह त्यांच्यावर खवळलेलं होतं. बाबासाहेबांच्या आधी वीस-बावीस नावं होती. राजेंद्रप्रसादांनी अचानक त्यांचंच नाव पुकारलं. ते उठले आणि आपला नंबर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं, तयारीला वेळ मिळाला असता तर बरं झालं असतं, असं त्यांनी प्रांजळपणे सांगितलं. 'मला ऐनवेळी सांगण्यात आलं' असं आपल्याकडेही प्रत्येक वक्ता म्हणतो आणि मग खिशातून घडी घातलेली नऊ पानं काढतो. बाबासाहेबांनी पानं काढली नाहीत. विरोधी सूर अपेक्षित असलेल्या सभागृहासमोर त्यांनी देश एक होईल याबद्दलचा आपला विश्वास आधी मांडला, मग जयकरांच्या बाजूनं युक्तिवाद केला. काँग्रेसचे काकासाहेब गाडगीळ तिथं होते. सभागृह तल्लीन होऊन ऐकत होतं आणि बाहेर लॉबीत त्यांच्यावर अभिनंदनाचा वर्षाव झाला, असं काकासाहेबांनी नोंदवून ठेवलं आहे. तयारी नसताना असं बोलता येतं ते आधीची तीस वर्षं तयारीत गेलेली असतात म्हणून. हे तेवढं सोईस्करपणे विसरून लोक 'उत्स्फूर्त' बोलायला उठतात.

लिहिण्याच्या बाबतीत तर बाबासाहेबांची शिस्त भीती वाटावी अशी. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, याच घरात, त्यांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेल्या पत्रांचे मसुदे तपासण्यासाठी जवळ मागवून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेल्याचं कळलं. शेवटच्या रात्रीसुद्धा मसुदा पुन्हा पाहायचा होता. व्हॉट्सॲपवर निरोप धाडून मग 'धिस मेसेज वॉज डिलीटेड'चा शिक्का सोडणाऱ्यांच्या काळात ही गोष्ट ऐतिहासिक कादंबरीतली वाटते.

तयारीचा आणखी एक मराठी कित्ता आहे. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये इंपीरियल कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलले. शिलकी अंदाजपत्रकाचं सगळे कौतुक करत असताना, ही शिल्लक म्हणजे गरिबांकडून घेतलेला जादा कर आहे, असं त्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिलं आणि कर्झनच्या सरकारला ते मुकाट ऐकून घ्यावं लागलं. त्या आकड्यांमागं गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक शाळामास्तर होते. सरकारी अहवाल चाळून, टिपणं काढून ते गोखल्यांना पुरवत. भाषण गोखल्यांचं, रात्री जोशींच्या. आजच्या वक्त्याला टिपणं काढून देणारे जोशी मिळणं अवघड, म्हणून तो गुगलवर 'टॉप टेन कोट्स' शोधतो आणि आइन्स्टाइननं कधी न म्हटलेलं वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर खपवतो.

हिंदूराव इस्पितळावरून दक्षिणेकडे रिजच्याच रस्त्यानं गेलं की लाल दगडाचा टोकदार मनोरा लागतो. १८५७ मध्ये पडलेल्या आपल्या सैन्याच्या स्मरणार्थ इंग्रजांनी तो १८६३ मध्ये बांधला. पलटणींची नावं, मृतांचे आकडे, सगळं कोरलेलं, आणि मजकुरात 'शत्रू' असा उल्लेख. शत्रू म्हणजे आपणच. स्वातंत्र्यानंतर हे फोडून टाकणं सोपं होतं. त्याऐवजी स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ मध्ये, मनोऱ्याचं नाव अजितगड केलं आणि शेजारी एक छोटी पाटी लावली: या स्मारकावर ज्यांना शत्रू म्हटलं आहे ते परकीय सत्तेविरुद्ध लढलेले स्वातंत्र्यवीर होते. बस. अख्ख्या दगडी मनोऱ्याचा अर्थ एका पाटीनं फिरवला, आणि मूळ अक्षर एकही खोडलं नाही. सरकारी लिखाणात एवढं धारदार संपादन क्वचित सापडतं. हीच पाटी एखाद्या समितीकडे मसुद्यासाठी गेली असती तर 'उपरोक्त संदर्भीय स्मारकाच्या अनुषंगाने' अशी सुरुवात होऊन ती मनोऱ्यापेक्षा उंच झाली असती.

आता इस्पितळाच्या रांगेत उभं राहून लिखाणाचा विचार करायचा तर डॉक्टरांच्या चिठ्ठीला वगळता येत नाही. हा प्रश्न कुठल्या एका इस्पितळाचा नाही, देशाचा आहे. औषधांची नावं वाचता येतील अशी, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असं मेडिकल कौन्सिलला २०१६ मध्ये अधिसूचना काढून सांगावं लागलं. समर्थ रामदासांनी हे काम साडेतीनशे वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे आणि त्यात अध्यात्म जवळजवळ नाही. अक्षर वाटोळं आणि सुटं असावं, ओळी सरळ असाव्यात, पहिलं अक्षर जसं तसंच शेवटचं, कागद-शाई-लेखणी नीट पारखून घ्यावी, समास सोडावा, असा सगळा व्यवहारी मामला. तरुणपणी फार बारीक अक्षरात लिहू नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही, असंही समर्थ बजावतात. आपलंच लिखाण पुढं आपल्यालाच वाचायचं आहे, हा विचार मराठीत चष्म्याच्या दुकानांआधी झाला. दिल्लीतल्या मराठी मंडळांच्या स्मरणिका ज्या आकाराच्या टायपात छापतात तो पाहता समर्थ तिथं अजून पोचायचे आहेत.

सभेत उभं राहिलं की घशाला कोरड पडते, हे मात्र समर्थांच्या उपायानं थांबत नाही. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं, अ‍ॅड्रिनलिन वाढतं, छाती धडधडते आणि लाळ आटते. म्हणून व्यासपीठावर पाण्याचा तांब्या असतो, शोभेसाठी नव्हे. त्या पाण्याची किंमत दिल्लीनं पाहिली आहे. २१ फेब्रुवारी २०२५ ला अठ्ठ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन विज्ञान भवनात झालं. १९५४ नंतर, म्हणजे एकाहत्तर वर्षांनी, संमेलन दिल्लीत आलं होतं. १९५४ मध्ये अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते, उद्घाटक पंडित नेहरू आणि स्वागताध्यक्ष तेच काकासाहेब गाडगीळ. २०२५ मध्ये अध्यक्ष लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर, स्वागताध्यक्ष शरद पवार आणि उद्घाटक पंतप्रधान नरेंद्र मोदी. भाषणं झाली, मराठीला मिळालेल्या अभिजात दर्जाचं कौतुक झालं. पण त्या दिवशी घराघरांतल्या मोबाइलवर फिरलं ते काय? भाषण करून खुर्चीवर बसणाऱ्या पवारांना मोदींनी हात दिला आणि पेल्यात पाणी ओतून ठेवलं, तेवढं. एवढे शब्दप्रभू जमलेल्या सोहळ्यात बाजी मारली ती पाण्याच्या पेल्यानं, आणि तो पेला कुठल्याही भाषणात नव्हता.

शब्द न वापरता सभा जिंकण्याचं त्याहून अवघड उदाहरण कराडचं. १९७५, आणीबाणीचे दिवस. संमेलनाध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी आजारी असलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना उभं राहून प्रार्थना करायला सांगितलं. व्यासपीठासह सगळे उभे राहिले. त्या संमेलनातला एकही परिसंवाद आज लोकांना आठवत नाही. ती शांतता आठवते. अर्थात हा प्रयोग सोसायटीच्या सभेत करू नये. तिथं शांतता पाळायला सांगितली की कुणीतरी 'कोण गेलं?' असं विचारतं.

मोजून बोलण्याचा नमुनाही दिल्लीतच होता. आकाशवाणीच्या इथल्या कक्षातून अनेक दशकं मराठी बातम्या वाचल्या जात. सगळ्या देशाचा दिवस ठरलेल्या मिनिटांत बसवायचा, पंतप्रधान बोलले असले तरी तेवढ्यातच आणि पूर आला असला तरी तेवढ्यातच. वृत्तनिवेदकाला 'आपला फार वेळ घेत नाही' असं म्हणायची सोय नव्हती, कारण वेळ घेतला असता तर तो पुढच्या भाषेच्या बातम्यांतून कापला गेला असता. मंडळातल्या वक्त्यांच्या पाठोपाठ तमिळ बातम्या लावून पाहायला हरकत नाही.

दिल्लीतल्या आणि दिल्लीबाहेरच्याही मंडळांना विनंती एवढीच. येत्या गणपतीची पत्रिका छापाल तेव्हा आरतीची वेळ छापता तशी भाषणांचीही छापा, प्रत्येक नावापुढं मिनिटं लिहून. परिचय करून देणाऱ्याला दोन, वक्त्याला वीस, आभाराला तीन. आणि आभार मानणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की ध्वनिक्षेपकवाल्याचं नाव पहिलं घ्यायचं. बटण त्याच्या हातात आहे.